स्वयंपाकघरातलं समथिंग

ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या भाद्रपदातली, म्हणजे सांगलीत पुन्हा महापूर येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षाची. त्या साली सांगलीत नाकांची शर्यत लावली असती, तर गुणमालाबाईंनी ती बसल्या जागेवरून जिंकली असती! निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं.

कारणंही होती तशी. तीन घरं पलीकडे कुणाचं वरण लागलं, तर त्या घरच्या बाईच्या आधी गुणमालाबाईंना कळायचं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या तेव्हा त्या फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "मागच्या बाकावर कुणीतरी मधल्या सुट्टीआधी डबा उघडलाय. लिंबाचं लोणचं आहे." मागच्या बाकावर खरोखरच लिंबाचं लोणचं असायचं! मुली त्यांना मागून काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात नाक होतं.

त्यांचे यजमान जवाहरशेठ यांचं नेमकं उलट. हळदीच्या पेठेत अडत दुकानावर उभा जन्म गेलेला. पोती झाडून झाडून ती भुकटी नाकात अशी काही बसली होती, की त्यांना जगातली प्रत्येक वस्तू हळदीसारखी वाटे. गुलाबही हळदीचा आणि फिनेलही हळदीचं. नाक होतं, पण ते फक्त चष्मा ठेवायला!

या दोघांचा एकुलता मुलगा अतिशय. त्याने लग्न केलं ते माण तालुक्यातल्या क्रांतीशी. मुलगी हुशार, बँकेत नोकरीला, वडील सयाजीराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळं उत्तम, प्रश्न एकच. तिच्या दहिवडीकडच्या माहेरी लसणाची चटणी म्हणजे पाण्याइतकी गरजेची, आणि या जैन घरात लसूण पिढ्यान्‌पिढ्या उंबरा ओलांडून आत आलेला नाही!

लग्नाआधी क्रांतीनेच हा विषय काढला होता. म्हणाली, "आई, तुमच्या स्वयंपाकघरात मी कांदा-लसूण कधीच आणणार नाही. शब्द देते. पण बाहेर मी काय खाते, ते तुम्ही विचारायचं नाही."

"नाही विचारणार," गुणमालाबाई म्हणाल्या. "माझाही शब्द."

दोन वर्षं दोन्ही शब्द पाळले गेले. सून गुणी निघाली. एवढी, की त्या वर्षी अनंत चतुर्दशीला संपणाऱ्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात शेवटचे दोन दिवस तीही उपवास धरणार होती. गुणमालाबाईंचं मंदिरातल्या सगळ्या बायकांना ते सांगून झालं, काहींना दोनदा. आणि नेमकं पर्वाच्या सुरुवातीलाच अतिशयला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं.

"मी अजून होय म्हटलं नाही," तो म्हणाला. "क्रांतीला इथे करमतंय तोवर मला जायचं नाही. तिला अवघड वाटायला लागलं, तर मात्र जाऊ."

त्या दिवसापासून गुणमालाबाई पुढचा हिशेब मांडायला लागल्या. पोरं पुण्याला गेली म्हणजे घरात उरणार त्या आणि जवाहरशेठ. आणि जवाहरशेठांशी बोलायचं म्हणजे हळदीच्या भावावर बोलायचं! घर भरलेलं ठेवायचं तर सुनेला एक शब्द वावगा जाता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात लसणाचा वास आला.

पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसेना. ओट्याशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. लसूण! अगदी बारीक, पण लसूण! त्यांनी फळीवरचे डबे एकेक उघडून हुंगले. जिरं, ओवा, धने, मेथ्या. सगळं जागच्या जागी. ओट्याखालचं दार उघडलं, तर तिथे वास जास्त. पण तिथे होतं काय? गॅसचा सिलिंडर आणि त्याच्यामागे रद्दीचा गठ्ठा.

'म्हणजे खाऊन, धुऊन, पुसून मोकळी!' गुणमालाबाईंच्या मनात आलं. 'तेही पर्वात!'

त्या बाहेरच्या खोलीत आल्या. जवाहरशेठ पेपर वाचत होते.

"अहो, जरा आत येऊन बघा. वास येतोय का?"

"कसला?"

"कसला ते तुम्ही सांगायचंय!"

जवाहरशेठ आत गेले, जोरात श्वास घेतला आणि समाधानाने म्हणाले, "राजापुरी हळद."

त्या दिवसापासून गुणमालाबाईंची नजर सुनेवर राहिली. आणि पुरावे तर भसाभस सापडायला लागले! क्रांती सकाळी स्वयंपाकघरात शिरली की ओढणी नाकाला लावायची. मग सासूकडे चोरून बघायची. मग हळूच खिडकी उघडायची. खिडकी! गुन्हेगार दुसरं काय करतो?

आता पूर्वीचा काळ असता तर प्रश्न नव्हता. गुणमालाबाईंच्या सासूबाई अशा वेळी एक अक्षर बोलत नसत. पितळेचं पातेलं ओट्यावर आदळत. हलकं आदळलं म्हणजे मीठ जास्त झालं, मध्यम आदळलं म्हणजे माहेरी जायचं नाही, आणि वखारभागातली अख्खी गल्ली हादरेल असं आदळलं म्हणजे सगळ्यांनी समोर या! त्या आवाजांवर एवढं घर तीस वर्षं बिनतक्रार चाललं. पण आता घरात पितळ कुठलं? ते मोडीत कधीच गेलं. राहिलेली पातेली नॉनस्टिक. आदळली तर आपलंच नुकसान!

बरं, सरळ विचारावं तर 'विचारणार नाही' असा शब्द दिलेला. न विचारावं तर घरात लसूण.

तेव्हा त्यांना शाळेची आठवण झाली. त्यांच्या मुख्याध्यापिका बाई कुणावर रागावल्या की मराठीत बोलत नसत. फळ्यावर इंग्रजीत सूचना लिहीत, आणि तीही सगळ्यांसाठी. एका मुलीने नक्कल केली तरी सूचना अख्ख्या वर्गाला. जिला लागायचं तिला बरोबर लागायचं आणि कुणाचं तोंड पडायचं नाही.

खरंच आहे ते. मराठीत नुसतं 'वास येतोय' म्हटलं तरी त्याच्या मागोमाग 'कुणी केलं?' उभं राहतं, आणि त्याच्यामागे दोन्हीकडची माहेरं. इंग्रजीत माणूस संतापला तरी बँकेच्या काउंटरवरून संतापल्यासारखा वाटतो. घराचा व्हॉट्सॲपवर गट होताच. त्यात हे चौघे, साताऱ्याची नणंद सुंदरी आणि क्रांतीचे वडील. सयाजीराव रोज पहाटे 'जय हिंद' एवढंच पाठवत आणि दिवसभर गप्प असत, त्यामुळे गुणमालाबाई त्यांना त्या गटात धरतच नसत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला आपण धरतो का घरातल्या माणसांत?

तर गटावर, सगळ्यांना उद्देशून, इंग्रजीत, एक वाक्य. ठरलं! अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी क्रांती बँकेत गेली, अतिशय पुण्यात कंपनी बघायला गेलेला. गुणमालाबाई मंदिरातून आल्या. तिघांचाही उपवास, त्यामुळे सकाळपासून चूल थंड. मांजर नको शिरायला म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतलेली, दारही ओढून घेतलेलं. जे काही करायचं ते आजच, असं म्हणून त्या मोबाइल घेऊन बसल्या. आणि पहिल्याच शब्दाला अडल्या.

'आय स्मेल' लिहिलं. वाचून बघितलं. छे! हे तर पोलिसांच्या कुत्र्यासारखं झालं. खोडलं.

'आय हॅव नोटिस्ड.' आता हे वकिलाचं. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लसूण हटवावा! खोडलं.

'आय डिटेक्ट.' हे यंत्राचं.

'इट हॅज कम टू माय नोटिस.' बदलीची ऑर्डर निघाली बहुतेक.

"अहो," त्यांनी हाक मारली, "'परसीव्ह' कसं वाटतं?"

"कुठल्या गावचे?" जवाहरशेठांनी पेपरातून विचारलं.

शेवटी त्यांनी साताऱ्याला फोन लावला. सुंदरीने साताऱ्यात शिकवण्या घेऊन दोन पिढ्यांना इंग्रजीत पास केलं होतं. पण सुंदरीला खरी गोष्ट सांगायची म्हणजे ती संध्याकाळपर्यंत कऱ्हाडच्या मावशीपर्यंत पोचणार. म्हणून गुणमालाबाई म्हणाल्या, "असंच विचारते गं. एखादी गोष्ट आपल्याला कळलीय, पण समोरच्याला दोष द्यायचा नाही, तर काय म्हणावं?"

"काय कळलंय, वैनी?" सुंदरीचा आवाज एकदम जवळ आला.

"काही नाही. व्याकरण म्हणून विचारते."

"व्याकरण! पर्वात! बरं बरं. 'बिकम अवेअर' म्हणा."

"नको बाई. ते एकदम केवलज्ञान झाल्यासारखं वाटतं."

"मग 'आय फील'?"

"त्यात मला ताप आल्यासारखं वाटतं."

"मग 'आय सेन्स' म्हणा की! म्हणजे कसं, वाटलं तर आहे, नाही तर नाही. समोरच्यालाही वाटतं, आपल्यालाच म्हटलं असं कुठंय?"

गुणमालाबाईंना ते पटलं. 'सेन्स'ला वास नाही, डोळे नाहीत, बोट दाखवणं नाही. अगदी रेशमी शब्द! पण पुढे लसणाचं नाव टाकलं की रेशमात काटा आला. म्हणून त्यांनी लसूणही काढला. राहिलं ते एवढंच: 'आय सेन्स समथिंग इन द किचन.'

वाचून त्या खूश झाल्या. एवढं सभ्य वाक्य सांगली जिल्ह्यात त्या दिवशी दुसरं कुणी लिहिलं नसेल! त्यांनी ते पाठवलं आणि माळ घेऊन बसल्या.

पहिला मणीही सरकला नसेल तोच फोन वाजला. सुंदरी!

"वैनी! साप हाय का?"

"कसला साप?"

"मग ते समथिंग काय हाय? मघाशी आडून आडून विचारत होता ते हेच व्हय? ओट्यावर चढून बसा आधी! दादा कुठाय?"

"अगं, काही नाहीये!"

"'सेन्स' कोण म्हणतं काही नसताना? आमच्या इथं शेजारणीला असंच सेन्स झालं, तर माळ्यावर घोणस!"

"शब्द तूच दिलास ना?"

"मी व्याकरणाला दिला! वापरायला नाही दिला!"

तिला कसंबसं गप्प करून त्यांनी गट उघडला, तर तिथे सयाजीरावांचा निरोप आलेला. दिनदर्शिका बोलली होती! फक्त दोन शब्द: 'रिसीव्ह्ड. मूव्हिंग.'

काय मिळालं आणि काय हललं, ते गुणमालाबाईंना काही कळेना.

मग दुपारी क्रांतीचं उत्तर आलं. तेही इंग्रजीत. सासूने इंग्रजी काढलंय म्हटल्यावर सुनेने मराठीत कसं बोलावं? तिने लिहिलं होतं, 'आई, आय हॅव बीन नोटिसिंग इट टू. डिड नॉट वॉन्ट टू हर्ट यू. आय कॅन ॲडजस्ट.'

गुणमालाबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"अहो! कबूल केलं हिने!"

"काय?"

"तिलाही म्हणे जाणवत होतं! आणि वर म्हणते, मी ॲडजस्ट करून घेईन! कुणी करायचं ॲडजस्ट? स्वयंपाकघर कुणाचं?"

"काय झालंय ते मराठीत सांगशील का, गुणा?"

"तेच तर सांगायचं नाहीये ना!" गुणमालाबाई ओरडल्या.

एवढ्यात पुण्याहून अतिशयचा फोन. त्यानेही गट वाचला होता आणि त्याचा आवाज ताणलेल्या तारेसारखा झाला होता.

"आई, तुमचं दोघींचं काय चाललंय? क्रांतीला फोन केला तर ती म्हणते, काही नाही, आईंना माझ्या मनातलं कळलं वाटतं. काय कळलं तुला?"

"मी काहीही विचारलेलं नाही तिला! शब्द दिलाय मी!"

"म्हणजे विचारण्यासारखं आहे काहीतरी. बरं. मी इथल्या साहेबांना संध्याकाळी उत्तर देतो म्हणून सांगितलंय. मला वाटतं होकारच देऊन टाकावा. सगळ्यांनाच सुटल्यासारखं होईल."

फोन बंद झाला. गुणमालाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एवढा सभ्य शब्द शोधला, चाळून, निवडून, पाखडून घेतला, आणि त्यानेच पोरगा पुण्याला निघाला! जवाहरशेठ तोवर खुर्चीतच झोपी गेले होते. पुढचं सगळं आयुष्य आपल्याला हे घोरणं एकटीने ऐकायचंय, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दुपार कलली तशी दारात जीप थांबली. जीपमधून सयाजीराव उतरले. पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात पुरुषभर काठी, कमरेला बॅटरी.

"विहीणबाई, जय हिंद! कुटं हाय त्ये?"

"काय?"

"समथिंग!"

गुणमालाबाई बघतच राहिल्या.

"तुमी मेसेज टाकला, किचनमदी समथिंग हाय. फौजेत असा मेसेज आला की मान्सं विचारत बसत न्हाईत, निगत्यात. दहिवडीपास्नं कुटं थांबलो न्हाई बगा. जनावर हाय का मानूस?"

"तसं काही नाही हो, भाऊ. ते... ते आपलं घरातलंच आहे."

"घरातलंच?" सयाजीरावांची काठी खाली आली. चेहरा बदलला. आवाज एकदम हळू झाला. "म्हंजे आमच्या क्रांतीचं कायतरी हाय का?"

नेमक्या त्याच वेळी क्रांती दारात! बँकेतून लवकर निघून आली होती. तिने वडिलांना पाहिलं, काठी पाहिली, सासूचे लाल डोळे पाहिले, आणि तिचा चेहरा पडला.

"अप्पा? तुमी कशाला आला? कुणी बोलवलं तुमाला?"

"विहीणबाईंचा मेसेज..."

"आई, तुम्ही अप्पांना बोलावलंत? एवढ्याशा गोष्टीला? मी तर म्हटलं होतं ना, मी ॲडजस्ट करते!"

"मी नाही बोलावलं! ते मूव्हिंग झाले आपणहून!"

"थांबा, थांबा," सयाजीराव मध्ये आले. "बसून बोलू. क्रांते, च्या टाक आदी. तीन तास जीप हाकलीय."

उपवास असला तरी व्याह्यांना चहा चुकवून चालेल का? क्रांती डोळे पुसत स्वयंपाकघराकडे निघाली. गुणमालाबाई तिच्या मागे. दिवसभर बंद असलेलं दार तिने ढकललं, आणि आतून वास असा आला, की गुणमालाबाई एक पाऊल मागे सरल्या. ही काही चार पाकळ्यांची गोष्ट नव्हती. लसणाचं पोतंच सांडलं होतं जणू!

क्रांतीने ओढणी नाकाला लावली. चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. लायटर हातात घेतला.

आणि गुणमालाबाईंचा बांध फुटला. गेलं खड्ड्यात ते इंग्रजी!

"क्रांती, एक सांगते. विचारत नाही, सांगतेय. पर्वाचे दिवस आहेत. एवढे दोन दिवस तरी लसूण घरात आणायचा नव्हतास."

क्रांती वळली. लायटर तसाच हातात.

"लसूण? मी?"

"मग हा वास कसला? गेले कित्येक दिवस येतोय. मी काही बोलले नाही. म्हटलं, पोरीला अवघड वाटेल, पुण्याला निघून जाईल..."

"आई, मी लसूण आणला नाही! देवाशपथ! मला वाटलं, हा तुमचा हिंग आहे!"

"हिंग?"

"तुम्ही मंदिरातल्या बाईंकडून तो नवीन खडा हिंग आणलाय ना, लय कडक आहे म्हणालात तो. मला रोज सकाळी मळमळायचं त्या वासानं. पण म्हटलं, तुमच्या घरची चव आहे, बोलले तर तुम्हाला लागेल. म्हणून खिडकी उघडायचे. तेच तर लिहिलं मी, ॲडजस्ट करीन!"

"अगं, तो हिंग मी अजून पुडीतून काढलासुद्धा नाही! देवघराच्या खणात पडलाय!"

"मग हा वास..."

दोघींनी कान टवकारले. शांततेत ओट्याखालून बारीक आवाज येत होता. सुस्स. अगदी हळू. एखाद्या सोशिक बाईने उसासा टाकावा तसा.

गुणमालाबाईंनी खाली बघितलं. मग क्रांतीच्या हाताकडे बघितलं. क्रांतीनेही बघितलं. तिचा अंगठा लायटरच्या दांडीवर होता.

सगळा दिवस शब्द शोधण्यात घालवलेल्या गुणमालाबाईंच्या तोंडून, कर्ता नाही, क्रियापद नाही, नुसती एक आरोळी निघाली.

"गॅस!"

पुढचं सगळं सयाजीरावांनी हातात घेतलं. आरोळी ऐकताच ते आत घुसले, क्रांतीच्या हातातला लायटर हिसकावून खिडकी उघडून बाहेर फेकला, खाली वाकून रेग्युलेटर बंद केला. "भाईर! समदी भाईर! बटनाला हात लावायचा न्हाई कुनी! मोबाइल न्हाई, काय न्हाई! चला!" सासू-सून एकमेकींचा हात धरून रस्त्यावर पळाल्या. जवाहरशेठ तोवर जागे होऊन विचारत होते, "चहा झाला का?" सयाजीरावांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि खुर्चीसकट रस्त्याच्या कडेला आणून ठेवलं. चष्मा नाकावर तसाच होता. नाक आपलं काम करत होतं!

वखारभाग गोळा झाला. कुणी पाणी आणलं, कुणी सल्ला. समोरच्या प्रियदर्शनीबाई हातातलं लाटणं न ठेवताच धावत आल्या.

"अगं बाई! गॅस गळत होता? आणि एवढे दिवस तुम्हाला वास नाही आला? तुमच्या नाकाला?"

गुणमालाबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने सासूकडे बघितलं.

"वास आला होता हो," गुणमालाबाई म्हणाल्या. "शब्द सापडत नव्हता."

प्रियदर्शनीबाईंना काय कळलं कोण जाणे. त्या 'असं होय' म्हणून मान हलवत राहिल्या. पण क्रांतीला हसू फुटलं. पहिल्यांदा नाकातून, मग तोंडातून, आणि मग ती रस्त्याच्या कडेला पोट धरून खालीच बसली. गुणमालाबाईही तिच्याशेजारी बसून हसायला लागल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. सयाजीराव काठी टेकून दोघींकडे बघत राहिले. फौजेत असलं काही शिकवलेलं नव्हतं.

एवढ्यात प्रियदर्शनीबाईंच्या मोबाइलवर अतिशयचा फोन आला. घरी कुणीच उचलत नाही म्हणून हवालदिल झालेला. त्यांनी मोबाइल क्रांतीच्या हातात दिला.

"क्रांती, आई बोलली का काही? साहेब समोर बसलेत. सांग, होकार कळवू का?"

"आधी गॅसवाल्याला कळव," क्रांती म्हणाली. "आणि साहेबांना सांग, माझ्या घरी मला कधीच एवढं मोकळं वाटलं नव्हतं. आत्ता रस्त्यावर बसलेय मी, आईंच्या मांडीला टेकून."

पुण्यातल्या साहेबांना त्यातलं किती समजलं, ते अतिशयने कधी सांगितलं नाही. पण नकार त्यांना कळला.

गॅसवाला आला. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये जे घालतात त्याचा वास थेट लसणासारखा लागतो, असं म्हणाला आणि त्याने गॅसची नळी काढून दाखवली. भेगा पडलेली, वाळक्या शेंगेसारखी. ती बदलायला हवी असं तो आधीही बोलला होता, पण जवाहरशेठांनी 'अजून दोन दिवाळ्या निघतील' म्हणून त्याला परत पाठवलं होतं. पर्व संपल्यावर सगळ्यांची क्षमा मागतात त्या क्षमावाणीच्या दिवशी घरात सगळ्यात जास्त वेळ हात जोडून उभं राहायची पाळी त्यांच्यावर आली.

पुढे कुणाचं काय झालं, तेही सांगून टाकते.

अतिशय पुण्याला गेला नाही. इस्लामपूरला नोकरी धरली, रोज जाऊन-येऊन करतो आणि रोज कंटाळतो. क्रांतीला बढती मिळाली. बाहेर ती काय खाते ते गुणमालाबाई अजूनही विचारत नाहीत. हल्ली तीच आपणहून सांगते, त्यामुळे गुणमालाबाईंची पंचाईत होते. सुंदरीने साताऱ्यात गोष्ट सांगताना शेवटपर्यंत साप काढला नाही. तिच्या गोष्टीत तो सिलिंडरला वेटोळं घालून बसलेला असतो. सयाजीराव पहाटे 'जय हिंद' पाठवतातच, आता त्याच्या खाली 'रेग्युलेटर बंद?' असंही विचारतात. जवाहरशेठ मागच्या साली शांतपणे गेले. शेवटच्या दिवशी क्रांतीने खिडकीबाहेरची रातराणी त्यांच्या उशाशी आणून ठेवली, तेव्हा म्हणाले, "भाव चांगला येईल हिला."

आणि गुणमालाबाई? त्या दिवसापासून घरात कायदा झाला. वास आला की क्षणाचा विचार करायचा नाही. शब्द निवडायचा नाही. मोठ्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी रस्त्यावर यायचं! सयाजीरावांनी त्याची दोनदा तालीमही करून घेतली.

परवाच सकाळी गुणमालाबाई आतून कडाडल्या, "वास! वास! भाईर!" अतिशय अर्धी दाढी केलेला बाहेर पळाला. क्रांती केस पिंजारलेली पळाली. प्रियदर्शनीबाई तर सवयीने त्यांच्या घरातून पळाल्या. सगळे रांगेत रस्त्यावर उभे राहिले, आणि शेवटी दारात गुणमालाबाई आल्या. कडेवर नऊ महिन्यांची नात सृष्टी, आणि तिला त्यांनी शक्य तितकं लांब धरलेलं.

"गॅस नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "हिचा लंगोट बदलायला हवा."